बुटाच्या खोक्यावरची केटी

माझे ट्रेकिंगचे शूज सात वर्षं माळ्यावर होते. सात वर्षांत मी त्यांना एकदाही त्रास दिला नाही आणि तरी त्यांनी माझ्याशी असं वागावं! झालं काय, की जून २०२४ मध्ये आमच्या एचआरने मेल टाकला, जुलैत सगळ्या ऑफिसने राजगडला जायचं, टीम बाँडिंगसाठी. तर मी म्हटलं आधी एक रविवार सिंहगड करून बघू, गुडघे अजून आपल्याच नावावर आहेत का ते तरी कळेल. आतकरवाडीतून पायवाटेने निघालो आणि पहिल्याच चढाला उजव्या बुटातून फटक फटक आवाज यायला लागला. खाली बघतो तर सोल पुढून सुटलेला, मगर जांभई देते ना तसा आ वासून. लेसने बांधला. दहा मिनिटांत डावा पण गेला. (जोडीने आयुष्य काढलेल्यांचं असंच होतं म्हणतात.) शेवटी सोल हातात आणि बुटाचा उरलेला वरचा भाग पायात अशा अवस्थेत मी खाली उतरत असताना वरून कोण यावं, तर आमच्या अकाउंट्सच्या मॅडम.

ऑफिसात कॉटनची साडी, चष्म्याला साखळी. इथे ट्रॅक पँट, टोपी, वर जाऊन ताक पिऊन परत निघालेल्या, घाम म्हणाल तर नावाला. वय सत्तावन्न पूर्ण. गेली कित्येक वर्षं दर रविवारी सिंहगड, वर कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक किती वेळा केला ते त्यांनाही मोजता येत नाही. मी त्यांच्यापासून दोन टेबलं सोडून अकरा वर्षं बसतोय आणि मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

"हे काय केलंस रे?"

"मी काही नाही केलं मॅडम, माळ्यावर नीट ठेवले होते."

"म्हणूनच."

मग उतरता उतरता त्यांनी सांगितलं की बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये मधला थर पॉलीयुरेथेनचा असतो, तो हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतो, वापरात असला तर बरा राहतो आणि जपून ठेवला तर भुगा. मला एकदम बँकेतल्या एफड्या आठवल्या, पण तो विषय वेगळा.

तर या मॅडम ३१ जुलैला रिटायर होणार होत्या. ३१ जुलै म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख, अकाउंट्सवाल्याने रिटायर व्हायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. आणि त्यांचं काम माझ्याकडे येणार होतं, म्हणजे केटी घेणं आलं. माझे इंजिनिअरिंगवाले मित्र केटी म्हटलं की अजून दचकतात, त्यांच्याकडे केटी लागायची, म्हणजे विषय राहायचा. आमच्याकडे केटी घ्यायची असते, नॉलेज ट्रान्सफर, जाणाऱ्याच्या डोक्यातलं राहणाऱ्याच्या डोक्यात ओतायचं, आणि मधे सांडू नये म्हणून एचआरने सतरा कॉलमची एक्सेल शीट बनवली होती. आमच्या कॉन्फरन्स रूमचं नाव तोरणा. तिथे एसीत बसून आमची तीन सेशन्स झाली. तीन सेशन्सनंतर शीट अशी होती: 'प्रोसेस' या कॉलममध्ये 'नेहमीप्रमाणे', 'रिस्क' मध्ये 'आहे', आणि 'अडचण आल्यास संपर्क' मध्ये एक्स्टेन्शन २१४. २१४ हे मॅडमचं एक्स्टेन्शन, जे १ ऑगस्टपासून माझं होणार होतं. म्हणजे अडचण आली की मी मलाच फोन लावायचा.

मॅडम मुद्दाम लपवत होत्या असं अजिबात नाही. तोरण्यावर बसून "तुमचं क्रिटिकल नॉलेज काय?" असं कोणी विचारलं की त्या खरंच विचारात पडायच्या आणि म्हणायच्या, "तसं काही विशेष नाही रे, सवयीचं काम आहे." मी हे एचआरला सांगितलं तर त्यांनी शीटला अठरावा कॉलम जोडला. (नंतर मी कुठंतरी वाचलं की ऐंशीच्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीतलाच ज्युलियन ऑर नावाचा माणूस मशीन दुरुस्त करणाऱ्या लोकांबरोबर हिंडला, तर जाडजूड मॅन्युअल असून लोक खरं शिकत होते ते एकत्र खायला बसल्यावर, अमक्या गिऱ्हाइकाकडचं मशीन कसं रडत होतं याच्या गप्पांमधून. हे ज्या कंपनीत सापडलं तिच्या नावाने आपण सगळे कॉप्या काढतो.)

इकडे माझं शूजचं संशोधन चालू झालं. चार रात्री व्हिडिओ बघितले. विब्रम सोल म्हणजे काय, तर १९३५ साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गेले, पायात धड बूट नव्हते हे एक कारण, म्हणून व्हिताले ब्रामानी या त्यांच्या इटालियन दोस्ताने रबराचा खाचांचा सोल बनवला, १९३७ पासून तो चालतोय आणि नाव त्याच्याच नावातून आलंय. वाचून गहिवरलो. मग साईज. यूके, यूएस, युरो. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने भारतीयांचे पाय मोजले तर ते युरोपियन पायांपेक्षा रुंद निघाले आणि म्हणून आपली स्वतःची 'भ' नावाची साईज सुचवली गेलीये. भ म्हणजे भारत. ट्रेकिंगच्या बुटांपुरतं भ म्हणजे भटकंती म्हणायला माझी हरकत नाही, फक्त दुकानात मिळायला पाहिजे. ऑफिसातल्या लोकांना विचारलं तर एकाने ॲक्शन ट्रेकिंगच घे म्हणून शपथ घातली, दुसरा म्हणाला हंटर शूज घे, स्वस्तात मस्त, तिसऱ्याने सांगितलं गावातली माणसं चपलेवर गड चढतात (हा तिसरा लिफ्ट बंद असली तर वर्क फ्रॉम होम घेतो). मी कंटाळून फोनवरच ऑर्डर टाकत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "शूज असे बसल्या जागी घेतात का? शनिवारी सहानंतर चल, मी येते. सकाळी नको, संध्याकाळपर्यंत पाय सुजून खऱ्या मापाचे होतात."

मोठं दुकान होतं, तळमजल्यावर बूट, मधोमध दगड चिकटवलेला छोटासा उतार, त्यावर एक लहान मुलगा घसरगुंडी खेळत होता. मी घरून ट्रेकचे जाड मोजे घालून गेलो होतो, तशी सूचना होती. पहिला जोड चढवला. मॅडम समोर स्टुलावर बसल्या आणि अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं, शाळेचे बूट घेताना आई दाबायची तसंच.

"लेस नको बांधू. पाय पुढे सरकव. आता टाचेमागे माझं बोट जातंय का? जातंय. बांध आता. त्या उतारावरून खाली ये. अंगठा पुढे लागला?"

"जरासा."

"जरासा म्हणजे राजगड उतरताना नख काळं होणार. काढ." आणि मी दुसरा जोड घालेपर्यंत त्यांचं सुरूच, "जरासाचं असंच असतं. आपला तो पॅकिंग मटेरियलवाला. अकरा तारखेपर्यंत त्याने जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायचं असतं, विचारलं की म्हणतो जरासं राहिलंय. म्हणजे बसलेलाच नसतो. मग चौदाला टू-बी, आपल्या खरेदीची यादी, निघते त्यात आपलं बिलच नाही, भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट गेलं पुढच्या महिन्यावर. आठ तारखेला फोन लावायचा. त्याला नाही हं, तो उचलत नाही. मुलाला लावायचा."

मी एक पाय बुटात आणि एक पाय मोज्यावर असा थांबलो. तीन सेशन्समध्ये हा मुलगा आला नव्हता.

"मॅडम, हे शीटमध्ये नाहीये."

"हे काय शीटमध्ये लिहायचं? दुसरा पाय घाल."

तिसऱ्या जोडाला टाच उचलत होती. त्यांनी वरच्या भोकातून लेसचा छोटा फास करून तिरपी ओवली, खसकन ओढली, टाच जागेवर बसली. "मोठ्या प्रिंटरचा खालचा ट्रे असाच सुटतो, गुडघ्याने दाबून धरायचा, मग चेक सरळ छापला जातो." आता मात्र मी काउंटरवरून पेन मागून आणलं. कागद नव्हता. मांडीवर आठव्या जोडाचा खोका होता, त्याच्या झाकणावर लिहायला लागलो, तर मॅडम म्हणाल्या "दे इकडे, तुझं अक्षर तुला तरी लागतं का," आणि स्वतःच लिहायला बसल्या. झाकण भरलं, बाजू भरल्या, मुलाचा नंबर बारकोडच्या शेजारी आला. हा आठवा जोड म्हणजे उंच घोट्याचा, वॉटरप्रूफ, शिवाय युरो ४३, मला एक नंबर मोठा, मी नुसता मोहाने उतरवलेला.

"वॉटरप्रूफ घेऊ नकोस," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "बर्फात, थंडीत ठीक. आपल्याकडे पावसात पाणी वरून घोट्यातून आत येतं, आणि आत आलेलं मग बाहेर जात नाही. सस्पेन्स अकाउंट होतं." (सस्पेन्स म्हणजे कुठल्या खात्यात टाकायचे ते न कळलेले पैसे ठेवायची जागा.)

"आपल्या सस्पेन्सला काय आहे?"

"तेराशे सत्तेचाळीस रुपये. २०११ पासून."

"का?"

मॅडमनी चष्मा काढला. पुढची वीस मिनिटं मी ती गोष्ट ऐकली, शेजारच्या बाकावर मुलीसाठी फुटबॉलचे बूट घ्यायला आलेले एक गृहस्थही ऐकत होते, आणि शेवटी ते म्हणाले "मग त्या माणसाने चेक परत दिलाच नाही?" ती गोष्ट मी इथे सांगू शकत नाही. खोक्यावर त्याचं सार आहे: 'सस्पेन्सला हात लावू नये. ऑडिटरने विचारल्यास २०११ ची निळी फाईल.'

माझ्यासाठी त्यांनी निवडला तो सातवा जोड. साधा, जाळीचा, युरो ४२, किंमत २,२९९, सोलच्या रबरात नख दाबलं की रुततं असा. मऊ रबर लवकर झिजतं पण ओल्या कातळावर धरतं, आणि शेवाळावर कुठलंच धरत नाही, तिथे आपण बसून उतरायचं, लाज वाटली तरी. सगळं पटलं. बिलिंगला गेलो आणि तिथला पोरगा आठव्या जोडाच्या खोक्याकडे बघत राहिला.

"सर, हे तुम्ही लिहिलंय?"

मी म्हटलं खोका मला द्या आणि शूज ठेवा. तर खोक्याशिवाय शूज विकता येणार नाहीत. बरं, मग सातव्या जोडाचे शूज या खोक्यात घाला. बारकोड मॅच होणार नाही. मग नुसता खोका विकत द्या. खोक्याचा बारकोड म्हणजे शूजचाच बारकोड सर. फोटो काढून बघितला, पण चकचकीत तपकिरी पुठ्ठा, निळं पेन, वरचे ट्यूबलाईट, फोटोत निव्वळ मुंग्या. मागे रांग वाढत होती. ५,४९९ रुपये. दोन्ही जोड घ्यावेत इतकी ऐपत आणि घरी तोंड दाखवायची हिंमत यापैकी काहीच माझ्याकडे नव्हतं.

"कुठल्या हेडला टाकशील?" मॅडमनी बाहेर आल्यावर विचारलं.

"स्टाफ वेल्फेअर."

"ट्रेनिंग एक्स्पेन्सेसला टाक."

राजगडाचं थोडक्यात सांगतो. गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने गेलो, गाव सुटून पहिला ओढा लागला तिथेच दोन्ही बूट काठोकाठ भरले आणि शेवटपर्यंत भरलेलेच राहिले, वॉटरप्रूफ कंपनीने दिलेल्या शब्दाला जागली. पद्मावती माचीवर बसून मी एकेक बूट उलटा केला तर त्यातून पाणी, गवत आणि एक लहानसा खेकडा निघाला. मोठा नंबर असल्यामुळे उतरताना पाय पुढे जाऊन आदळत होता, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. मॅडम त्यांच्या जुन्या बुटांत आमच्यापुढे अर्धा तास. ग्रुप फोटोत मी एकटा बसलेला आहे, एचआरने कॅप्शन टाकलं 'लीड फ्रॉम द फ्रंट'.

३१ जुलैला निरोप झाला, समोसे, पेढे, शाल. ऑगस्टमध्ये खोका ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता आणि आठ तारखेला मी मुलाला फोन लावला, त्याने "काकू गेल्या का हो?" असं विचारलं, मी घाईघाईने "रिटायर झाल्या" असं सांगितलं. सगळं सुरळीत. इतकं सुरळीत की महिनाअखेरीला मी खोका घरी आणला, म्हटलं निवांत बसून सगळं शीटमध्ये टाकू. अठराव्या कॉलमसकट.

सप्टेंबरात गणपती सातला बसले. आठ तारीख रविवार, घरात पाहुणे, मोदक, मी फोन विसरलो. अकराला गौरीपूजन, पानावर बसलो होतो, पुरणपोळीचा पहिला घास, आणि एकदम डोक्यात घंटी वाजली. अकरा. जीएसटीआर-वन. मुलगा. मोबाईलमध्ये बघतो तर नंबर सेव्हच केलेला नाही, मागच्या वेळी ऑफिसच्या लँडलाईनवरून लावलेला. मॅडमना फोन लावला, तर त्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

"तो बुटाचा खोका कुठंय गं?"

"कुठला? तो मजबूत पुठ्ठ्याचा? मखराला लावला की, मागच्या कमानीला. पायातल्या वस्तूचा आहे म्हणून आई नको म्हणत होत्या, पण वरून सोनेरी कागद लावलाय."

मी उष्टे हात धुतले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि गौरींच्या पदराला धक्का न लावता मखराच्या मागे पोटावर सरपटत गेलो. थर्माकोलचं चूर्ण, लाईटच्या माळेची वायर, आणि कमानीच्या पाठीमागे मॅडमचं अक्षर, पण उलटं. 'हात लावू नये' एवढं लगेच लागलं. नंबरातला शेवटचा आकडा सोनेरी कागदाखाली होता, एक असेल किंवा सात.

बाहेरून आईचा आवाज आला, कौतुकाचा, शेजारच्या काकूंना सांगत होती, बघा, या वर्षी स्वतःहून लोटांगण घालतोय.

मी आधी सातवर लावून बघितला.