अल्लाबंद कुणी बांधलेला नाही

मंडळी, रणोत्सवाच्या सहली ठरू लागल्या तसा आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कच्छचं पाणी तोडायला सिंधच्या राजाने अल्लाबंद नावाची भिंत बांधली, म्हणून लखपत बंदर ओस पडलं.’

हे बरोबर नाही. अल्लाबंद हा कच्छच्या रणातला नैसर्गिक उंचवटा, तो उभा राहिला १६ जून १८१९ च्या भूकंपात. सुमारे ८० किलोमीटर लांबीचा पट्टा उचलला गेला, काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत. दक्षिणेकडची जमीन खचली आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. आतली माणसं बुरुजावर चढली, त्यांना दुसऱ्या दिवशी होड्यांतून काढावं लागलं. १८२६ च्या पुरात सिंधूने हा बंद फोडला. पुढे अलेक्झांडर बर्न्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती जागा पाहिली, तर कापलेल्या काठात शंखशिंपल्यांनी भरलेली चिकणमाती, म्हणजे कुणी रचलेली भिंत नव्हे, वर आलेली जमीनच. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने हा वृत्तांत आपल्या ग्रंथात घेतला.

मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही म्हणा. सिंधचा राजा गुलामशाह कल्होडाने अठराव्या शतकात सिंधूच्या फाट्यावर बांध घातले होते, कच्छची भातशेती त्यानेच बुडाली. पण ते बांध वेगळे. लखपतची उरलीसुरली रया गेली ती भूकंपानंतर.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.