अमेरिकेसारखं इस्पितळ

आमच्या देवगड-मालवण पट्ट्यात सध्या एकच मागणी जोरात आहे : अमेरिकेत असतं तसं मोठं, सगळ्या मशिनी असलेलं इस्पितळ इथे हवं. त्यामागची तळमळ खरी आहे. हार्ट अटॅकचा पेशंट गाडीत घालून भर पावसात गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं म्हणजे काय, ते आमच्या घराने सोसलंय. तरीही अमेरिकेत, ओहायो राज्यात राहून जे दिसतं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिका देशाच्या उत्पन्नातला जवळजवळ १७ टक्के पैसा आरोग्यावर घालते. इतका दुसरा कुठलाही मोठा देश घालत नाही. आणि इथलं सरासरी आयुर्मान २०१४ मध्ये ७८.९ वर्षं होतं, ते २०१७ पर्यंत ७८.६ वर उतरलं. तेव्हा कोविड नव्हता. कोविडमध्ये, २०२१ साली, ते ७६.४ वर गेलं, नंतर सावरलं. पण पश्चिम युरोपातले देश अजून पुढेच आहेत.

कोविडआधीची ही घसरण म्हाताऱ्यांमुळे झाली नाही. तिशी-चाळिशीतली माणसं गेली. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी बाजारात आली, व्यसन क्वचितच लागतं असं सांगून विकली गेली. गोळीवरून लोक हेरॉइनवर गेले, मग त्याहून जहाल असं फेंटानिल आलं. २०२१ ते २०२३ या काळात दरवर्षी लाखावर माणसं ओव्हरडोसने मेली. दारू, बंदुका, रस्त्यावरचे अपघात, लठ्ठपणा वेगळेच.

आमच्या शेजारच्या गृहस्थांची नोकरी सुटली, तिच्याबरोबर विमाही. इन्सुलिन महाग, म्हणून ते निम्मा डोस घेऊन दिवस ढकलत होते. पाय काळा पडला तेव्हा त्यांना इथल्या नामांकित इस्पितळात नेलं. शस्त्रक्रियेत कुठेही चूक झाली नाही. पाय गुडघ्याखालून गेला.

कोकणाने याच्या उलट करून दाखवलंय. महाडच्या बाजूला लाल विंचू चावला की धडधाकट माणूस रात्रीत जायचा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे रुग्ण उशाशी बसून तपासले. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरात आणली आणि ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्यावर आले. गोळी जवळ होती आणि ती कधी द्यायची हे जाणणारा डॉक्टर गावातच होता.

इस्पितळ मागाच, ते मिळायलाच हवं. पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याचा ठराव मांडाल, तेव्हा त्याच्या आधी आपल्या आरोग्य केंद्राचा विषय घ्या. डॉक्टर मुक्कामाला राहतो का? त्याचं क्वार्टर पावसात गळतं का? रात्री ईसीजी काढायला कोण असतं? बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभर पुरतात का? आशाताईंचं मानधन किती महिने थकलंय? उत्तरं लेखी मागा, आणि पुढच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवा.