अस्तराला जुनी साडी की बेडशीट? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गोधडीच्या अस्तरावरच्या लेखात मी म्हटलं होतं की खालून जुनी सुती साडी लावा, कोरी बेडशीट नको. त्यावर तुम्ही लिहिलंय की आईच्या साडीचं अस्तर लावून शिवलेली तुमची गोधडी दोन पावसाळ्यांत खालून फाटली. बेडशीट ९० बाय १०० इंचांची अखंड मिळते, सांधा लागत नाही. आणि जुन्या साडीचा माझा आग्रह हा निव्वळ हळवेपणा आहे. शेवटी विचारलंय की आणून ठेवलेल्या बेडशीटचं आता काय करू.

साडीबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘जुनी साडी’ एवढंच लिहून मी पुढे गेले, ती किती जुनी चालेल हे सांगितलंच नाही. तुमच्या आईची साडी त्यामुळे फाटली असेल तर मला खरंच वाईट वाटतंय. वापरून मऊ झालेली साडी वेगळी आणि विरलेली वेगळी, पण घडी घालून ठेवलेल्या दोन साड्या हाताला सारख्याच लागतात. म्हणून घडी मोडायची आणि साडी खिडकीशी धरून उजेडात बघायची. बसताना जो भाग खाली येतो तिथे आणि निऱ्या खोचायच्या जागी कापड जाळीसारखं दिसतं. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड आधी उभं, मग आडवं ताणायचं. चर्र असा बारीक आवाज आला किंवा सूत सरकून फट पडली, तर ती साडी अस्तराला घ्यायची नाही. ती आत, थरांमध्ये घालायची. तिथे तिला कसलाच घासा नसतो.

सगळा घासा खालच्या बाजूला. गादी, सतरंजी, खाटेची कड, ओढताना जमीन, सगळं अस्तरालाच लागतं. धुताना दगडावर आपटली तरी आधी तेच सोसतं. म्हणून हळवेपणाबद्दलही सांगते. आजीचं लुगडं गोधडीत असावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते मला लपवायचंही नाही. पण ज्या लुगड्यात जीव गुंतलाय ते खाली लावूच नये. त्याचा पदर वर, मधोमध घ्यावा, रोज नजरेला पडेल असा. अस्तराला असं कापड असावं की दहा वर्षांनी उसवून दुसरं लावताना मन कचरणार नाही. मूळ लेखात हे यायलाच हवं होतं. आज रात्री तो दुरुस्त करते.

आता बेडशीट. मुलगा होस्टेलवर निघाला तेव्हा मी त्याच्या बाबांच्या जुन्या शर्टांची गोधडी शिवली आणि घाईत खालून कोरी बेडशीट लावली, न धुता. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं. वरचे शर्ट वर्षानुवर्षं धुतलेले, ते काय आटणार! वर सगळीकडे चुण्या उभ्या राहिल्या, टाक्यांवर ताण आला आणि मधले दोरे तटातट तुटले. चार रात्री बसून मी ती उसवली. कोरं सुती कापड १०० इंचांना ३ ते ५ इंच सहज आटतं. तुम्ही म्हणाल, हा दोष न धुण्याचा आहे, बेडशीटचा नाही. मान्य.

पण बेडशीटबद्दल माझी खरी तक्रार विणीची आहे. चांगली बेडशीट म्हणजे बारीक सुताची, घट्ट विणलेली. अंथरायला तेच हवं, हाताने शिवायला मात्र तेच आड येतं. आपला धावदोरा म्हणजे एका दमात तीनचार टाके सुईवर घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. मऊ साडीतून सुई अशी जाते की अंगुस्तान नसलं तरी निभतं. घट्ट विणीत सुई अडते, कुरकुर करते, नेढ्यापाशी जाड दोरा अडकतो आणि प्रत्येक टाक्याला बोटाने रेटावं लागतं. दुसऱ्या दिवशी अंगठा ठणकतो. मग आपोआप टाके लांब पडायला लागतात, आणि लांब टाक्यांची गोधडी धुतली की आतलं गोळा होतं. मशीनवर शिवणार असाल तर हा प्रश्न येत नाही. तिथे बेडशीट चालते, हेही लेखात घालते.

सांध्याला घाबरू नका. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच. एकेरी गोधडी ६० बाय ९० ची धरली तर ९४ इंचांचे दोन तुकडे निघून वर थोडं उरतं. ४५ इंचांचा पन्हा असेल तर दोन्हीकडचे काठ काढून ४१-४२ इंच हाती येतात. काठ काढायचेच, कारण तिथली वीण दाट असते आणि ते वेगळे आटतात. आता दोन तुकडे मधोमध जोडू नका. आपण गोधडीची घडी बरोबर मध्यावर घालतो, आणि घडी व सांधा एकाच रेघेत आले की तिथेच कापड झिजतं. एक तुकडा अखंड मधे ठेवा, दुसरा उभा कापून त्याच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना जोडा. नऊवारीतून असेच तीन तुकडे निघतात, दुहेरी गोधडीलाही पुरतात.

धड साडी नसेल तर मांजरपाट घ्या. दोनदा गरम पाण्यातून काढलं की खळ निघते, आटायचं तेवढं आटतं, आणि मग त्याच्यासारखं टिकाऊ अस्तर नाही. पॉपलीनही चालेल. मलमल एकेरी लावली तर टिकत नाही, लावायचीच तर दुहेरी. तुम्ही सुचवलेलं मायक्रोफायबर पावसात लवकर वाळतं हे खरं, पण घाम शोषत नाही आणि गादीवरून सरकतं. बाळाच्या दुपट्याला तर ते नकोच. गडद रंगाचं कुठलंही नवं कापड असो, ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते अस्तराला नको. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका.

आणलेली बेडशीट फेकू नका. ती पूर्ण सुती असेल तर दोनदा गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून एक कोपरा घ्या, त्याच्यावर आतले थर आणि वरचं कापड ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या सुईने वीतभर धावदोरा घालून बघा. सुई सहज गेली तर खुशाल लावा. अडली तर मशीनवर शिवा, नाहीतर उशांचे अभ्रे करा. अंथरताना अस्तर उलट बाजू वर करून जमिनीवर पसरा, चार कोपऱ्यांवर जड डबे ठेवा आणि चुण्या हाताने बाहेर सारा, पण कापड ताणू नका. ताणलेलं अस्तर डबे काढले की मागे येतं आणि सगळी गोधडी आखडते. शिवताना कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत या.

पहिल्या धुण्यानंतर कशी राहिली ते जरूर कळवा.