सहा नगांचा जॉब आणि अवकाशाचा धंदा

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये परवा एक जॉब संपला. उपग्रहात बसणारा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट, तळहातावर मावेल एवढा. नग सहा. त्याची भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची, त्यामुळे शेवटच्या कटला ती थरथरते आणि माप हलतं. आमच्या ऑपरेटरने कट निम्म्यावर आणला, मग आणखी निम्म्यावर. फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा), मशिनचा प्रोग्रॅम आणि पहिला नग पास होईपर्यंत दीड दिवस गेला. उरलेले पाच दुपारच्या चहाआधी निघाले. मग प्रत्येक नगाचा सीएमएम, म्हणजे मापं तपासणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आणि मटेरियल सर्टिफिकेट, त्यात आणखी एक दिवस.

याच मशिनवर एरवी गाड्यांचे पार्ट चालतात, महिन्याला हजारोंनी. तिथे सेटिंगचा, म्हणजे या तयारीचा, खर्च नगामागे काही पैसेच येतो. इथे तो सगळा सहा नगांवर बसतो. पार्टी म्हणते, "फार लावलंत हो." लावलेलं काही नाही, नगच सहा आहेत.

अवकाशाच्या धंद्याचं गणित मला या दीड दिवसात दिसतं. रॉकेट परत उतरवलं म्हणून अमेरिकेची स्पेसएक्स कंपनी स्वस्त झाली, एवढंच आपण ऐकतो. त्यांच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, हे मोठंच काम आहे. पण परत येण्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, तेवढा माल कमी जातो, आणि उतरल्यावर तपासणीचा खर्च वेगळा. हे सगळं परवडतं ते सारखं उडत राहिलं तरच. २०२४ मध्ये फाल्कन रॉकेटं १३० पेक्षा जास्त वेळा उडाली, त्यातली निम्म्याहून अधिक त्यांच्याच स्टारलिंक या इंटरनेट देणाऱ्या उपग्रहांसाठी. त्याच वर्षी इस्रोची उड्डाणं झाली पाच. आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये इस्रोच्या एकाच पीएसएलव्ही रॉकेटने १०४ उपग्रह सोडले, त्यातले १०१ परदेशी होते.

आणि स्पेसएक्सला अडचणीत मोठा हात कोणी दिला? सरकारने. सप्टेंबर २००८ मध्ये फाल्कन-१ चौथ्या प्रयत्नात कसंबसं कक्षेत पोचलं, तोवर पैसे संपत आले होते. डिसेंबरात नासाने १२ मालवाहू फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. फाल्कन-९ तोपर्यंत एकदाही उडालेलं नव्हतं! ते अनुदान नव्हतं, ऑर्डर होती.

आपल्याकडे २०२० मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस रॉकेट उडालं, मे २०२४ मध्ये अग्निकुल कंपनीने थ्रीडी प्रिंटेड इंजिनवर अग्निबाण रॉकेटची चाचणी केली. दोन्ही उड्डाणं कक्षेपर्यंतची नव्हती, तरी ती पाहताना माझा ऊर भरून आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने अवकाश स्टार्टअपसाठी १,००० कोटींचा फंड मंजूर केला. त्याच महिन्यात ५२ टेहळणी उपग्रहांनाही मंजुरी मिळाली, त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी बनवायचे आहेत. मला विचाराल तर आमच्यासाठी दुसरी बातमी जास्त मोलाची.

कारण फंडावर चालणाऱ्या कंपनीचं काम केलं की काय होतं ते आम्ही भोगलंय. एका स्टार्टअपने आमचे पैसे सात महिने अडकवले. माणसं वाईट नव्हती, गुंतवणूकदारांकडून येणारा त्यांचा पुढचा राउंड अडकला होता. पण जीएसटी आम्ही बिल फाडल्यावर पुढच्याच महिन्यात भरलेला, आणि पगार काही थांबत नाहीत. कायद्याने लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं.

आपल्याच जिल्ह्यात, इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात, वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची, म्हणजे इंधन जळतं त्या भागाची, आवरणं बनतात, तीही १९७० च्या दशकापासून. वर्षानुवर्षं काम येत राहिलं म्हणून तिथल्या वेल्डरच्या हातात ती कला टिकली. आमच्यासारख्यांनाही तेवढंच हवंय. पिकांची, पुराची, हवामानाची माहिती सरकारने खासगी उपग्रहांकडून पाच-पाच वर्षांच्या करारावर विकत घ्यावी, ॲडव्हान्स द्यावा, आणि त्यातला वाटा खालच्या सप्लायरपर्यंत वेळेत पोचतो की नाही हे करारातच बांधून घ्यावं.

त्या ब्रॅकेटचं फिक्स्चर मी मोडू दिलेलं नाही, नंबर टाकून रॅकवर ठेवलंय. भोसरी, चाकण, तळेगावात असं काम करणाऱ्यांनी मला कळवा: नग किती येतात, सेटिंगला किती वेळ जातो, पैसे किती दिवसांनी मिळतात. पंचवीस-तीस जणांचे आकडे जमले तर सरकारला निवेदन मी स्वतः लिहितो.