कोकणचं पाणी गोडं, म्हणून गाडी पुसायची नाही?

गाववाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: कोकणचं पाणी गोडं, त्यामुळे गाडी धुतल्यावर पुसायची गरज नाही, उन्हात लावा, आपोआप वाळते. डाग पडलेच तर लिंबू आणि खायचा सोडा घासा. तरीही नाही गेले तर रॉकेलचा फडका फिरवा. पावसाळ्यात धुऊच नका, पाऊस धुतो. यातल्या काही गोष्टींनी रंगाचं कायमचं नुकसान होतं, म्हणून एकेक तपासू.

‘कोकणचं पाणी गोडं.’ कुठल्या विहिरीचं? जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ असतं, कारण जांभ्यातला चुना पावसाने केव्हाच धुऊन नेलेला असतो. पण जांभ्याखालच्या काळ्या कातळात उतरलेल्या बोअरचं पाणी जड असू शकतं, आणि खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. एकाच वाडीत दोन घरांचं पाणी वेगळं निघतं. साबणाला फेस येत नसेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, तर पाणी जड आहे. काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर क्षार किती ते सांगतो, चुना किती आणि मीठ किती ते सांगत नाही.

आणि पिण्याचं पाणी वेगळं, डाग न पाडणारं पाणी वेगळं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार आपलं भारतीय मानक (आयएस 10500) सहज मान्य करतं. असं पाव लिटर पाणी गाडीवर वाळलं, की 125 मिलिग्रॅम क्षार पत्र्यावर बसले. बरेच जण आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात. ते मूळ पाण्यापेक्षा जास्त जड असतं. पाणी वाचवायची इच्छा चांगली आहे, पण ते पाणी अंगण आणि लादी धुवायला वापरा.

‘उन्हात आपोआप वाळते.’ वाळतं ते पाणी, क्षार जातात कुठे? थेंब वाळताना त्यातला ऐवज कडेला ओढला जातो, म्हणून डाग भरीव ठिपका नसतो, वाटीच्या कडेसारखी पांढरी कड असते. पाण्यात विरघळलेला चुना थेंब आटताना न विरघळणारा होतो. गिझरच्या कॉइलवर चढतो तोच हा थर. मे महिन्यात दुपारी काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही, तिथे थेंब मिनिटभरात आटतो आणि पुसायला वेळच मिळत नाही.

म्हणून सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर, सावलीत, पत्रा गार असताना धुवा. आधी टपावर भरपूर पाणी सोडून खारी धूळ आणि रेती वाहू द्या, कोरडा फडका मारू नका. शॅम्पू एका वेळी एकाच भागाला लावा आणि वाळण्याआधी धुऊन टाका. शेवटी पाइपचं नोझल काढून मंद धार टपावरून सोडा. पाण्याची अखंड चादर घसरते आणि बरेचसे थेंब सोबत घेऊन जाते. मग साधारण 70 बाय 90 सेंटिमीटरचा जाड मायक्रोफायबर पसरून अलगद ओढा, घासू नका. आरसे, हँडल, नंबरप्लेट, पेट्रोलचं झाकण इथून पाणी नंतर गळतं, त्यासाठी दुसरा लहान फडका ठेवा. पाणी फारच जड असेल तर शेवटची धुलाई 4-5 लिटर आरओच्या शुद्ध पाण्याने, हातपंपाच्या फवाऱ्याने करा. पंप नवा घ्या. आंब्यावर औषध मारलेला पंप गाडीला लावू नका.

‘लिंबू-सोडा.’ आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. फसफस दिसते ती त्यांच्या भांडणाची, डागाची नाही. उरलेला सोडा कणीदार, तो रंगावर ओरखडे काढतो. टूथपेस्टचंही तेच. चुन्याला सौम्य आम्ल एकटंच पुरतं: पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी समप्रमाणात, 100-100 मिली. गार पत्र्यावर भिजवलेला फडका एक मिनिट ठेवा, वाळू देऊ नका, उचलून भरपूर पाण्याने धुवा. फार तर दुसऱ्यांदा करा. उघडा धातू आणि नुकताच मारलेला रंग यापासून लांब ठेवा. नंतर शॅम्पू, मग वॅक्स, कारण आम्लाने वॅक्सही कमी होतं. नुसतं मीठ असेल तर व्हिनेगर लागतच नाही. दमट हवेत मीठ ओल धरतं आणि उन्हात पुन्हा पांढरं होतं, साध्या पाण्याने ते निघून जातं.

‘रॉकेल.’ रॉकेलमध्ये चुना विरघळत नाही. तेलाचा तवंग डागावर बसतो आणि तो दिसेनासा होतो. पुढच्या धुण्यात डाग जागच्या जागी. मधल्या काळात वॅक्स गेलं, धूळ चिकटली आणि दारांची रबरं फुगली.

‘पाऊस धुतो.’ मुसळधार पावसात क्षार फार कमी, हे खरं. पण पहिल्या सरी धूळ आणि मीठ घेऊन उतरतात. खरा घातक थेंब पार्किंगच्या गळक्या स्लॅबचा. त्यात सिमेंटचा चुना असतो, तो तीव्र अल्कली, आणि तो रंगात खड्डा पाडतो. दिसला की लगेच धुवा. ओल्या गाडीवर कव्हरही घालू नका.

व्हिनेगरनंतरही बॅटरीच्या तिरप्या उजेडात कड दिसत राहिली, तर डाग वर नाही, क्लिअरकोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुतलेला आहे. हा थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा खाते. त्यामुळे रंगाची जाडी मोजून मगच मशीन लावणाऱ्याकडे गाडी द्या.