‘एक वायर काढा, गाडीत पिक्चर बघा’ : या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कंपनीच्या स्क्रीनमध्ये व्हिडिओची सोय असतेच, पैसे उकळायला कंपनी ती बंद ठेवते. एक वायर काढली किंवा यूएसबीला एक बॉक्स लावला की चालत्या गाडीत पिक्चर चालू. वॉरंटीला धक्का नाही, आणि ड्रायव्हर काय, नुसता ऐकतो. हा मेसेज वाचून कुणी डॅशबोर्ड उघडायला नेऊ नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कंपनी व्हिडिओ अडवते, एवढं खरं. कारण मात्र पैसा नाही. बऱ्याच कंपनी स्टिरिओंवर पेनड्राइव्हमधला व्हिडिओ गाडी उभी असताना चालतो. गाडी हलली की चित्र जातं. पैसेच काढायचे असते तर उभ्या गाडीतही अडवलं असतं. २०२५ मध्ये ॲपल आणि गूगलने कारप्ले व अँड्रॉइड ऑटोवर, म्हणजे फोनची ॲप्स गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयींवर, व्हिडिओ आणायचं जाहीर केलं, तेही फक्त उभ्या गाडीसाठी. टेस्लाने चालत्या गाडीत मधल्या स्क्रीनवर गेम खेळू दिले होते. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये चौकशी सुरू केली आणि टेस्लाने ती सोय बंद केली.

आता ती ‘एक वायर’. बाहेरून बसवलेल्या जुन्या स्टिरिओंना हँडब्रेकची वायर असायची. ती गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडली (अर्थिंग केलं) की स्टिरिओला वाटायचं, गाडी उभी आहे. मेसेज लिहिणारा तिथेच थांबलाय. आजच्या कंपनी फिटिंगमध्ये स्क्रीनला गाडीचा वेग बहुतेक वेळा कॅन बसवरून कळतो. गाडीतली कंट्रोल युनिट्स ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात, ती ही लाइन. तिथे सुटी काढावी अशी वायरच नसते. मग स्क्रीनमागे एक मॉड्यूल घालतात आणि ते स्क्रीनला सांगत राहतं, वेग शून्य आहे. या खोट्या वेगाचा फटका इतर सोयींनाही बसतो. वेगाप्रमाणे आवाज कमीजास्त होणं थांबू शकतं. नकाशा वेगाच्या आधाराने जागा ठरवत असेल तर तोही चुकतो.

फिटिंग कसं होतं तेही बघा. जुळणारं कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, मिळालं तर ठीक. नाही मिळालं की मूळ हार्नेसची (कंपनीच्या वायरींच्या जुडग्याची) वायर सोलायची, जोड पिळायचा, वर काळी टेप. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे त्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि तांबं उघडं पडतं. मग त्या वायरिंगचा वॉरंटी क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतंच. विमा कंपनीला न कळवता बसवलेलं इलेक्ट्रॉनिक सामान नुकसानभरपाईत धरत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

बॉक्सला वायर तोडावी लागत नाही, हे मान्य. तो गाडीला सांगतो की मी कारप्लेचा फोन आहे. पण आत काय चाललंय हे गाडीला कळतच नाही, त्यामुळे वेगाचं कुलूप कुचकामी ठरतं. माझा खरा राग त्यावरच आहे.

कारण ‘नुसता ऐकतो’ हे कुणालाच जमत नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा जीव घेतला. लक्ष ठेवायला सीटवर माणूस होतं, आणि फोनवर टीव्हीचा कार्यक्रम चालू होता. आपण कार्यक्रम फक्त ऐकत होतो, असाच बचाव तिथे झाला. तपासात निघालं की नजर फोनवर होती आणि रस्त्याकडे वळली ती धडकेच्या सुमारे सेकंदभर आधी.

८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिलं की ४४ मीटर गेले. गाळपाच्या दिवसांत पंढरपूर रस्त्यावर रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर असतो, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. तो दिसायला तेवढंच अंतर मिळतं.

तुळजापूर-अक्कलकोटला जाताना मागे मुलं कंटाळतात, हे मला कळतं. त्यांच्यासाठी पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट क्लँपमध्ये टॅब लावा, ड्रायव्हरला आरशातही दिसणार नाही असा. ज्यांनी मॉड्यूल आधीच बसवलंय त्यांनी ते काढून घ्यावं, आणि सोललेली वायर टेपवर न सोडता सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून घ्यावी.