‘बर्नआउट’ आजार ठरलेला नाही

कॅज्युअल्टीतल्या सिस्टर-ब्रदरांच्या ग्रुपवर बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार ठरवलं, आता मेडिकल रजा हक्काची.’ हे खरं नाही. मे 2019मध्ये अशाच बातम्या आल्या, तेव्हा संघटनेनेच लगोलग खुलासा केला होता. आयसीडी-11मध्ये, म्हणजे संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या यादीत, बर्नआउटची नोंद आहे, पण कामाशी निगडित स्थिती म्हणून, आजार म्हणून नव्हे. ती नवीही नाही; आधीच्या आयसीडी-10मध्येही होती. रजेचा तर त्यात उल्लेखच नाही, ती नोकरीच्या नियमांनीच मिळते.

मात्र यावरून ‘म्हणजे सगळी नाटकं’ असं मेट्रनबाईंनी समजू नये. व्याख्येतच म्हटलंय की हे कामाच्या जागी साचत गेलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येतं. सीपीआर (हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबणं) आटोपून क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ट्रॉली, भरायला घ्यावी, तोवर दारात दुसरी अॅम्ब्युलन्स, आणि पहिल्या पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आलेले! पार गळून जाणं, कामातून मन उडणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, या तीन खुणा तिथे दिल्यात.

झोप उडाली, उदासी हटेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्य हा मात्र आजारच आहे आणि त्याच्या सर्टिफिकेटवर रजेचा अर्ज करता येतो.